समुद्राकडे तोंड असलेले शटर : एका गॅरेजमधील वारा, झड आणि ओल यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर दापोली तालुक्यातील एका किनारी गावात, समुद्रापासून साधारण ४०० मीटर अंतरावर आहे. मूळ घर जुने, जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि मंगलोरी कौलांचे. त्याच्या दक्षिण अंगाला कुटुंबाने २०१७ साली गॅरेज बांधून घेतले. गॅरेजच्या भिंतीही चिऱ्याच्या आहेत, वर स्लॅब आहे, आणि आतून एक लाकडी दार थेट माजघरात उघडते. रस्ता घराच्या पश्चिमेला असल्यामुळे १० फूट रुंद आणि ८ फूट उंच असे लोखंडी शटरही पश्चिमेलाच बसले. त्याचे तोंड समुद्राकडे आहे. गाडी सरळ आत यावी एवढाच विचार त्या वेळी झाला होता, आणि त्यात कोणाचीही मोठी चूक होती असे मला वाटत नाही. रस्ता जिकडे, तिकडे दार, हा हिशेब गावात सगळेच करतात.

घरात सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी असे दोघेच राहतात. गावात त्यांना गुरुजी आणि काकू म्हणतात, म्हणून येथेही तेच उल्लेख ठेवले आहेत. नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गॅरेज केवळ गाडीसाठी नाही. तेथे एक छोटी कार आणि स्कूटर उभी असते, कोपऱ्यात इन्व्हर्टरची बॅटरी आहे, आणि उरलेल्या जागेत भाताची पोती, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, आढीसाठी राखलेला पेंढा आणि काकूंनी केलेल्या कोकम आगळाचे कॅन असतात. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत गॅरेज हे असे अर्धे कोठार असते, त्यामुळे तेथे पाणी शिरले की नुकसान गाडीचे कमी आणि वर्षभराच्या जिनसांचे जास्त होते.

या भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पण पावसाच्या आकड्यापेक्षा त्याची दिशा येथे महत्त्वाची आहे. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तिरका येतो, भिंतीवर आपटतो, आणि जी फट सापडेल तिच्यातून आत घुसतो. त्याला आपल्याकडे झड म्हणतात. दारे-खिडक्यांची वाऱ्यापासून राखण या विषयावर जे काही वाचायला मिळते ते बहुतांशी थंड प्रदेशातले असते, आणि तेथे प्रश्न उबदार हवा बाहेर जाण्याचा असतो. आपल्याकडे वारा पाणी आणि मीठ घेऊन आत येतो, ही गोष्ट या प्रकरणात पहिल्यापासून ध्यानात ठेवावी लागली.

अडचण

गुरुजींनी जानेवारी २०२२ मध्ये मला बोलावले तेव्हा त्यांच्या तीन तक्रारी होत्या. पहिली तक्रार पाण्याची होती. मृगाचा पाऊस लागला की शटरच्या आत दोन-अडीच फुटांपर्यंत फरशी ओली राहत असे, आणि आषाढातल्या जोराच्या झडीत पाणी पोत्यांपर्यंत पोहोचत असे. दुसरी तक्रार वाऱ्याची. पावसाळ्यात तर वारा येतच असे, पण एरवीही दुपारी खारे वारे सुटले की अंगणातली वाळू आणि पाचोळा शटरखालून आत येऊन पोत्यांवर बसत असे. तिसरी तक्रार गुरुजींनी थोड्या संकोचाने सांगितली: वादळी रात्री माजघरावरची कौले खडखडतात आणि झोप लागत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा दापोलीच्या किनारी गावांतही हजारो कौले, पत्रे आणि माड गेले. या घराचे माजघरावरचे अर्धे छप्पर त्या दिवशी उडाले होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले, त्या रात्री दोघेही जागेच होते. कौलांचा आवाज ही त्यांच्यासाठी जुनी धास्ती होती. तिचा गॅरेजच्या शटरशी काही संबंध असेल असे मात्र त्यांना वाटले नव्हते.

संबंध होता, आणि तो साधा आहे. खोलीची एकच बाजू वाऱ्याला उघडी असेल आणि बाकीच्या बंद असतील तर वारा आत कोंडतो आणि आतला दाब वाढतो. गॅरेजवर स्लॅब असल्याने तेथे काही हलत नसे, पण माजघराचे लाकडी दार खाली दीड इंच उचललेले होते आणि रात्री ते बहुधा नुसते लोटलेले असे. दाब त्या वाटेने कौलांखाली जात असे. वरून जाणारा वारा कौलांना वर ओढतो आणि खालून हा दाब उचलतो. दोन्ही मिळून कौले वाजू लागतात.

पहिला उपाय आणि तो का फसला

मला बोलावण्यापूर्वी २०२१ च्या उन्हाळ्यात एक उपाय करून झाला होता. तालुक्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून रबराची पट्टी आणून ती शटरच्या खालच्या पट्टीला स्क्रूने लावली होती, आणि दोन्ही बाजूंच्या गाईड चॅनेल (शटरच्या कडा ज्यांत सरकतात त्या उभ्या खाचा) व भिंत यांमधली फट सिलिकॉनच्या नळीने भरली होती. एका पावसाळ्यात दोन्ही गेले.

रबराला जागोजागी आडव्या भेगा पडल्या होत्या, आणि अंगठ्याने दाबले तर ते परत फुगत नव्हते. साधे रबर उन्हात आणि हवेतल्या ओझोनने असेच तडकते. दाराबाहेर वापरायचे रबर ईपीडीएम जातीचे लागते. ते थोडे महाग असते, पण ऊन आणि खारी हवा वर्षानुवर्षे सोसते. स्क्रू साधे लोखंडी होते आणि त्यांच्या डोक्यांचा गंज होऊन रबराची भोके मोठी झाली होती.

सिलिकॉनची गोष्ट अधिक शिकवणारी होती. मी गाईडच्या कडेची पट्टी नखाने उचलली तर ती फूटभर एकसंध सुटून हातात आली, आणि तिच्याखाली चॅनेलच्या जस्ती पत्र्यावर पांढरी भुकटी पसरलेली दिसली. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता का, असे विचारल्यावर काकू लगेच हो म्हणाल्या. तो वास ॲसेटिक आम्लाचा. ज्या सिलिकॉनमधून सुकताना हे आम्ल सुटते ते काचेसाठी ठीक असते, पण जस्ताला ते खाते आणि सिमेंटवर धड चिकटत नाही. अशा जागी न्यूट्रल क्युअर असे लिहिलेलेच सिलिकॉन घ्यावे लागते. नळीवर ते छापलेले असते, पण दुकानात मागताना कोणी वाचत नाही.

त्यातही खरी चूक सामानाची नव्हती. पाणी कोठून येते हे न बघता पाणी जेथे दिसते तेथे उपाय केला गेला, ही चूक होती, आणि पहिल्या भेटीत मीही तीच करण्याच्या बेतात होतो.

तपासणी

पहिल्या भेटीत मी शटरखालची फट मोजली. फरशी मध्ये थोडी दबलेली असल्याने ती कडेला पाव इंच आणि मध्ये पाऊण इंच होती. चांगले रबर आणि एक उंबरा एवढ्यावर काम भागेल असे मी वहीत लिहूनही टाकले होते. चहा देताना काकू म्हणाल्या, "पाणी सगळं खालून येत नाही हो. डाव्या कोपऱ्यात ते वरून टपकतं आणि मग खाली साचतं. मी चार वर्षं पुसतेय." मी त्यावर मान डोलावली आणि फारसे मनावर घेतले नाही. हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण पुढे त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

मार्चमध्ये एका दुपारी, खारे वारे चांगले वाहत असताना, आम्ही शटर पूर्ण बंद करून आत गेलो. काकूंनी देवघरातून उदबत्त्या आणल्या. खालच्या कडेशी उदबत्ती धरली तेव्हा धूर आत वाकला, पण हलकेच. गाईडच्या कडेला तो थरथरला. मग स्टुलावर चढून शटरच्या गुंडाळीपाशी, लिंटेलच्या, म्हणजे दाराच्या माथ्यावरच्या आडव्या तुळईच्या, खाली उदबत्ती नेली, तर धूर आडवा होऊन सरळ माजघराच्या दाराकडे धावला आणि उदबत्तीचे टोक फुंकर घातल्यासारखे लाल झाले. तेथे शटर आणि लिंटेल यांच्यामध्ये २ इंचांची फट १० फूट लांबीभर मोकळी होती. हिशेब केला तर खालची फट सरासरी अर्धा इंच धरून ६० चौरस इंच, आणि वरची २४० चौरस इंच. ज्या फटीकडे सगळ्यांची नजर होती तिच्या चौपट मोठी फट डोक्यावर होती. गुंडाळी मध्ये येत असल्याने खालून ती दिसत नव्हती.

दुसरी चाचणी पाण्याची केली. बागेच्या नळीने शटरवर बाहेरून पाणी मारले, पण एकदम सगळीकडे नाही. आधी फक्त खालचा एक फूट, मग कडा, मग मधल्या पट्ट्या आणि शेवटी वरचा भाग, प्रत्येक टप्प्यावर पाच-पाच मिनिटे. खालून वर जाण्याचे कारण असे की वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि कोणत्या फटीतून पाणी आले हे ओळखता येत नाही. खालच्या टप्प्यात मधल्या दबलेल्या भागातून पाणी आले. वरच्या टप्प्यात दक्षिण कोपऱ्यात, म्हणजे आतून बाहेर बघताना डाव्या हाताला, गुंडाळीच्या मागून एक धार शटरच्या आतल्या अंगावरून उतरू लागली. काकू दारातून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला वहीतले पान फाडावे लागले.

तिसरी गोष्ट उतार. साधा पाण्याचा पाइप घेऊन पातळी तपासली तर अंगणाचा उतार गॅरेजकडे निघाला. निसर्ग वादळानंतर पडलेल्या गडग्याचे चिरे आणि माती पसरून अंगण भरले गेले होते, आणि त्यात मूळचा रस्त्याकडचा उतार उलटा झाला होता. म्हणजे काही पाणी वाऱ्याने ढकललेले होते आणि काही आपल्या पायांनी चालत येत होते.

पर्यायांचा विचार

सर्वांत चांगला पर्याय म्हणजे पश्चिमेचे तोंड बुजवून गॅरेजचे दार दुसऱ्या दिशेला काढणे. उत्तरेला मूळ घर आहे, पूर्वेला परडे आणि विहीर, आणि दक्षिणेला गाडी वळवायला जागा करायची तर हापूसची दोन मोठी कलमे तोडावी लागली असती. गुरुजींनी तो विषय तेथेच संपवला आणि मलाही ते पटले.

मुलाने पुण्याहून सुचवलेला पर्याय आडव्या भागांच्या, चारही कडांना रबर असलेल्या ओव्हरहेड दाराचा होता. दार म्हणून ते शटरपेक्षा निश्चितच घट्ट बसते. पण अंदाज दीड लाखाच्या पुढे गेला, आणि त्याहून मोठी शंका दुरुस्तीची होती. त्याच्या स्प्रिंगा, चाके आणि तारा खाऱ्या हवेत गंजल्यावर दुरुस्त करणारा माणूस शहरातून येणार, आणि तोही पावसाळ्यात. शटरचे काम करणारे कारागीर तालुक्याच्या गावात आहेत. वयस्कर जोडप्याच्या घरात हा मुद्दा किमतीपेक्षा वजनदार ठरतो.

तिसरा पर्याय जुना होता. मिरगाआधी पडवीच्या तोंडाला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे आणि पावसाळा संपला की सोडायचे, ही पद्धत या घरातही गुरुजींच्या वडिलांपर्यंत चालू होती. झाप वारा पूर्ण अडवत नाहीत. ते थेंबाचा जोर मोडतात आणि पाणी खाली ओघळू देतात, म्हणून त्यांच्यामागची भिंत कोरडी राहते आणि हवाही खेळती राहते. गाडी रोज बाहेर काढायची असल्याने झाप बांधणे शक्य नव्हते, पण आधी थेंबाचा जोर मोडायचा आणि मग उरलेल्या पाण्याचा बंदोबस्त करायचा, हा त्यातला क्रम आम्ही उचलला. रबर हे सर्वांत शेवटी लावायचे, असे त्या दिवशी ठरले.

चौथा पर्याय म्हणजे आहे तेच शटर ठेवून बाहेर छज्जा, खाली उंबरा आणि गटार, आणि मग कडांची बंदिस्ती. हाच निवडला. शटर १८ गेज जाडीच्या पत्र्याचे होते, पट्ट्या शाबूत होत्या, आणि वाऱ्याने पट्ट्या गाईडमधून निसटू नयेत म्हणून टोकांना लावायच्या क्लिपाही जागेवर होत्या, हे आधी तपासून घेतले.

उंबऱ्याच्या उंचीवरून सर्वांत जास्त चर्चा झाली. गवंड्याचे म्हणणे अर्धा इंच पुरे, कारण जास्त उंच केला तर गाडीला धक्का बसेल. येथे थोडे गणित उपयोगी पडले. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणायचे, की दाब पास्कलमध्ये मिळतो. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, हेच सूत्र आहे. ताशी ५४ किलोमीटर वाऱ्याचा दाब १३५ पास्कल येतो आणि तो साधारण १४ मिलिमीटर उंचीचे पाणी धरून ठेवू शकतो. ताशी ७२ किलोमीटरला दाब २४० पास्कल, म्हणजे २४ ते २५ मिलिमीटर पाणी. अर्ध्या इंचाचा उंबरा पावसाळ्यातल्या चांगल्या सोसाट्यालाही ओलांडला गेला असता. त्याच ताशी ७२ किलोमीटरला एवढ्या शटरवर एकूण जोर १८० किलोच्या आसपास येतो, म्हणून खालचे रबर कितीही चांगले असले तरी झोत आला की शटर क्षणभर आत दबते आणि रबर हलते. पाणी अडवायला रबरावर भिस्त ठेवता येत नाही, पायरीच लागते. ३० मिलिमीटर ही उंची ठरली.

केलेले काम

काम एप्रिल आणि मे २०२२ मध्ये झाले. आधी अंगण खरवडून उतार पुन्हा रस्त्याकडे केला. शटरच्या बाहेर, रुंदीभर, ६ इंच रुंद गटार काढले आणि त्याचे तोंड दक्षिणेच्या पोफळींकडे वळवले. गटारावर लोखंडी जाळी बसवण्याचा आग्रह कारागिराने धरला होता, पण खाऱ्या हवेत ती चार-पाच वर्षांत गळते आणि गाडीचे चाक अडकते, म्हणून फायबरची जाळी घेतली.

उंबऱ्याची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणी शटरच्या खाली फरशीवर एक उंचवटा करतात आणि शटर त्याच्या माथ्यावर टेकते. त्यात शटरवरून ओघळलेले पाणी माथ्यावरच उतरते आणि निम्मे आत वळते. आम्ही शटरची रेषा खालीच ठेवली आणि तिच्या आतल्या बाजूने फरशी ३० मिलिमीटर उचलून पायरी केली. पायरीपासून आत दीड फूट सौम्य उतार दिला, म्हणजे गाडीला धक्का बसत नाही. शटर बंद होताना पायरीच्या पुढच्या खाचेत उतरते, ओघळ खाचेतून थेट गटारात जातो, आणि वाऱ्याने पाणी ढकलले तरी त्याला पायरी चढावी लागते. गाईड चॅनेल खाचेपर्यंत पोहोचावेत म्हणून दोन्ही बाजूंना तुकडे जोडावे लागले, आणि वेल्डिंगच्या जागी जस्त जळाल्याने तेथे जस्तयुक्त प्राइमरचे दोन हात दिले.

शटरच्या वर ४ फूट पुढे येणारा पत्र्याचा छज्जा बसवला. पाऊस ४५ अंशांत आला तर एवढा छज्जा ८ फूट शटरचा वरचा अर्धा भाग झाकतो, वारा वाढला की त्याहून कमी. म्हणजे छज्जा हा पूर्ण उपाय नव्हे, पण लिंटेलजवळची फट त्याच्या आडोशाला येते आणि आपल्याला तेच हवे होते. त्याचे सांगाडे चिऱ्यात न रोवता स्लॅबच्या बीममध्ये बोल्टने धरले. जांभा ओढीला कच्चा असतो आणि छज्ज्याला खालून उचलणारा वारा बोल्टवर ओढच देतो. निसर्ग वादळात गावातले जे छज्जे उडाले त्यांतले बरेचसे चिऱ्यासकट उपटले गेले होते.

त्यानंतर कडांची बंदिस्ती केली. लिंटेलला ॲल्युमिनियमच्या धारकात बसवलेली नायलॉनच्या केसांची ब्रश पट्टी लावली, जी शटरच्या अंगाला हलकेच टेकते. तिच्या मागे ईपीडीएमचा एक पडदा सोडला. गुंडाळीला पत्र्याची पेटी केली, पण स्प्रिंगला तेलपाणी करता यावे म्हणून तिचा खालचा भाग स्क्रूने सुटणारा ठेवला. गाईड आणि खडबडीत चिरा यांमधली फट काही ठिकाणी ८-१० मिलिमीटर होती. ती आधी सिमेंटने भरून, सुकवून, मग वर न्यूट्रल सिलिकॉन दिले. गाईडच्या आतल्या ओठाला ब्रश लावला. पट्ट्यांच्या सांध्यांत काहीही भरले नाही, कारण शटर गुंडाळले गेले पाहिजे. खालच्या पट्टीला ईपीडीएमचे पोकळ रबर ॲल्युमिनियमच्या खाचेत सरकवून बसवले, म्हणजे बदलताना स्क्रू काढावे लागत नाहीत. स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. ३०४ स्वस्त पडते, पण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने मिठापुढे ते जास्त टिकते, आणि सगळ्या कामात स्क्रूंचा खर्च तसाही नगण्य होता.

माजघराच्या दाराला खाली लाकडी पट्टी आणि आतून कडी लावली. कौलांच्या तक्रारीवरचा हा एवढाच स्वतंत्र उपाय. एकूण खर्च साधारण ४३ हजार रुपये झाला, त्यात छज्जा आणि गटार-उंबरा यांचा वाटा निम्म्याहून बराच जास्त होता.

परिणाम

२०२२ च्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या झडीनंतर गुरुजींचा फोन आला, की फरशी कोरडी आहे आणि रात्री कौले वाजली नाहीत. जुलैतही तसेच. फुरशांच्या भीतीने काकू पावसाळ्यात गॅरेजमध्ये अंधार पडल्यावर जात नसत, तीही धास्ती खालची फट बुजल्याने कमी झाली. रत्नागिरीच्या कातळ आणि चिऱ्यांच्या मुलखात फुरसे ही नित्याची गोष्ट आहे.

ऑगस्टमध्ये मात्र काकूंनीच बोलावून घेतले. पेंढ्याला कुबट वास येत होता, दोन पोत्यांच्या खालच्या अंगाला बुरशी धरली होती आणि कारच्या आसनांवर पांढुरका थर आला होता. पाण्याचा थेंबही आत आला नव्हता. पावसाळी हवेत मुळात ओल भरपूर असते. त्यात भिजलेली गाडी आत येऊन उभी राहते, आणि आम्ही हवा बाहेर जाण्याच्या सगळ्या वाटा बंद केल्या होत्या. पूर्वेच्या भिंतीत स्लॅबजवळ एक जाळी होती, पण पहिल्या उपायाच्या वेळी तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद ठोकला गेला होता, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर असून मी काढायला सांगितला नव्हता. ही चूक सर्वस्वी माझी होती आणि ती केवळ बुरशीपुरती नव्हती. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, स्कूटरमधून पेट्रोलची वाफ येते, आणि कोणी गाडी आतच सुरू ठेवली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावाचून साचतो. घराला जोडलेले गॅरेज इतके बंद करणे धोक्याचे आहे.

त्याच आठवड्यात कागद काढला, आणि पूर्वेच्या भिंतीत फरशीपासून ९ इंचांवर दुसरा झरोका पाडला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली बसते आणि हायड्रोजन वर जातो, म्हणून एक वाट खाली आणि एक वर. दोन्हींना बारीक स्टेनलेस जाळी लावली. नैऋत्येच्या वाऱ्यात पूर्व ही आडोशाची बाजू असल्याने तेथून झड येत नाही, उलट वारा हवा बाहेर ओढतो. हिवाळ्यात रात्री मतलई वारे जमिनीकडून येतात तेव्हा त्याच वाटेने कोरडी हवा आत येते. पोती जमिनीवरून उचलून लाकडी फळ्यांवर ठेवली. सप्टेंबरअखेर वास गेला.

ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस आला, आणि तो आपल्या नेहमीच्या रीतीने सह्याद्रीकडून, म्हणजे पूर्वेकडून, गडगडत आला. वरच्या जाळीतून एका संध्याकाळी अर्धी बादली पाणी आत पडले. दोन्ही झरोक्यांवर खाली झुकणाऱ्या पत्र्याच्या पाख्या बसवल्यावर ते थांबले. त्यानंतरच्या २०२३ आणि २०२४ च्या पावसाळ्यांत पाणी आत आले नाही आणि बुरशीही धरली नाही.

वेगळे काय करता आले असते

झरोके आणि बंदिस्ती ही दोन कामे एकाच दिवशी ठरवायला हवी होती. फट बुजवताना ती आजवर नकळत कोणते काम करत होती हे विचारायला हवे होते. त्या वरच्या २४० चौरस इंचांतून झड येत होती, पण पाच वर्षे गॅरेजमधली ओल वाऱ्याने पळवली जात होती तीही तेथूनच.

शटरचे वजन हा दुसरा राहून गेलेला मुद्दा. रबर, त्याची ॲल्युमिनियमची खाच आणि ब्रशचे घर्षण मिळून शटर जड झाले, आणि स्प्रिंगचा ताण मूळच्या वजनाचाच राहिला. गुरुजींच्या ते लक्षात आले नाही, पण काकूंना शटर उचलेना, आणि त्यांनी पंधरा दिवस ते कोणाला सांगितले नाही. कारागिराने अर्ध्या तासात ताण वाढवून दिला. हे काम घरच्या घरी करू नये, कारण ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो. काम संपल्यावर शटर वापरणाऱ्या प्रत्येकाकडून ते आपल्यासमोर उचलवून पाहायचे, एवढे केले असते तर ते पंधरा दिवस वाचले असते.

गाईडला वंगण म्हणून कारागीर सवयीने ग्रीस लावून गेला होता. त्यात वाळू चिकटून पहिल्याच हिवाळ्यात ब्रशचे केस झिजले. आता दर महिन्याला गोड्या पाण्याने शटर धुतात आणि सुकल्यावर सिलिकॉनचा कोरडा फवारा मारतात. मेमध्ये गटारातली वाळू काढतात. उंदरांनी दक्षिण कोपऱ्यातले रबर एकदा कुरतडले, पण तीन फूट जादा रबर आणून ठेवलेले असल्याने गुरुजींनी ते स्वतःच सरकवून बदलले.

खालच्या तीन पट्ट्यांच्या सांध्यांत मात्र आता गंज दिसू लागला आहे. छज्जा त्यांना झाकत नाही आणि धुतले तरी सांध्याच्या आत मीठ राहतेच. संपूर्ण शटर न बदलता त्या तीन पट्ट्याच जस्ताचा जाड थर असलेल्या पत्र्याच्या घ्यायच्या, असे ठरले आहे, आणि ते काम आंब्याचा हंगाम आटोपल्यावर, मिरगाच्या आधी करायचे आहे.